बुद्धिबळाचा पट आणि अल्-बिरुनींचा हिशेब

व्हॉट्सॲपवर आकड्यांचे 'चमत्कार' रोज येतात. अमुक शब्द मोजा, तमुक आकड्याने भागा आणि सुबहानअल्लाह म्हणून पुढे पाठवा. असा निरोप आला की मला एक वीस अंकी संख्या आठवते: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

ही संख्या बुद्धिबळाच्या पटावरची. सिस्सा नावाच्या विद्वानाने हिंदुस्थानच्या राजाकडे बक्षीस मागितले: पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी ६४ घरे. राजाला मागणी क्षुल्लक वाटली. दाणे मात्र वर लिहिले आहेत तेवढे होतात. गोष्ट दंतकथा असेल, बेरीज खरी आहे.

तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न खल्लिकान दमास्कसचे काझी होते. ही गोष्ट त्यांनी ऐकली होती, पण पटली नव्हती. अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने सगळे मांडून दाखवले, तेव्हा कुठे त्यांनी ती मान्य केली. काझीच ते, पुराव्याशिवाय कसे मानतील?

त्यांच्याआधी, इ.स. १०००च्या सुमारास, अल्-बिरुनींनी 'अल्-आसार अल्-बाकिया' या ग्रंथात हा हिशेब केला होता. चौसष्ट वेळा दुप्पट करत बसायची गरज नाही. २ला २ने गुणा, ४. ४ला ४ने, १६. मग २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६. पुन्हा एकदा वर्ग करा आणि एक वजा करा, की झाले. एक वजा का? १+२+४ म्हणजे ७, आणि पुढच्या घरात ८. आधीच्या घरांची बेरीज पुढच्या घरापेक्षा नेहमी एकने कमी असते.

एवढी संख्या डोळ्यांसमोर यावी म्हणून त्यांनी दहा हजार दिरहमांच्या थैल्या केल्या. आठ थैल्यांचे एक खेचर, दहा हजार खेचरांचा कळप, एका खोऱ्यात हजार कळप, एका डोंगरातून दहा हजार खोरी. डोंगर लागले २,३०५!

या संख्येचे अवयव पाहा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. वरच्याच पायऱ्या, प्रत्येकीत एक मिळवून. सतराव्या शतकात फर्माला वाटले, अशा सगळ्या संख्या मूळच असणार. १७३२मध्ये ऑयलरने शेवटची भागून दाखवली: ६४१ × ६७,००,४१७. फर्मासारख्याचाही अंदाज हिशेबापुढे टिकला नाही.

कुरआनवरच्या ईमानाला आकड्यांच्या जुळवाजुळवीची गरज नाही. उलट न मोजता पाठवलेली चुकीची बेरीज अल्लाहच्या कलामाच्या नावावर खपते, ही मोठी जबाबदारी आहे. म्हणून असा निरोप आला की मी पाठवणाऱ्याला एवढेच विचारते: तुम्ही स्वतः मोजलेत का?