करवीरनगरी आणि कण्हेर

कोल्हापुराचें प्राचीन नांव करवीर. तालुक्यास आजही हेंच नांव आहे. १९४९ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालेलें येथील राज्यही करवीर म्हणूनच ओळखलें जाई. प्रलयाच्या जळांतून महालक्ष्मीनें आपल्या गदेनें हें क्षेत्र वर उचललें, म्हणून तें करवीर, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. परंतु संस्कृतांत करवीर हें एका सदाहरित झुडपाचेंही नांव आहे. तें झुडूप म्हणजे आपली कण्हेर. नगरास झाडावरून नांव मिळालें असें मी म्हणत नाहीं. तथापि हें नांव धारण करणाऱ्या नगरांतील गृहस्थांस त्या झाडाचें चरित्र ठाऊक असावें.

आपल्या पूर्वजांनीं या झाडाचें रूप आणि विष, दोन्ही ओळखलें होतें. देवपूजेंत कण्हेरीचीं फुलें वाहिलीं जात. आणि मृच्छकटिकांत चारुदत्ताला वधस्थानीं नेतात, तेव्हां त्याच्या गळ्यांत करवीराचीच माळ असते. संस्कृतांत तिचें दुसरें नांव अश्वमार, म्हणजे घोड्यास मारणारी. सुश्रुतानें अश्वमाराची गणना मूलविषांत केली आहे. रोमन लोकांनाही ती परिचित होती. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीखालीं गडप झालेल्या पाँपी नगराच्या भिंतींवर तिचीं चित्रें आहेत, आणि त्याच उत्पातांत मरण पावलेल्या प्लिनीनें ती जनावरांस घातक असल्याचें लिहून ठेविलें आहे. आतां रसायनशास्त्रानें त्याचें कारण दाखविलें आहे: तिच्यांतील ओलिअँड्रिन हें द्रव्य हृदयाची गति बिघडवितें. बिट्टी अथवा पिवळी कण्हेर ही मूळची अमेरिकेंतील निराळी वनस्पति; पण तीही तितकीच विषारी आहे.

मग ही झाडें बागेंत लावूंच नयेत काय? अवश्य लावावींत. लहान अंगणास ठेंगणी जात सोईची. ती तीन-चार फुटांवर राखतां येते. सर्वच जाती सुवासिक नसतात, म्हणून फूल हुंगून रोप निवडावें. पावसाळ्याच्या आरंभीं वीतभर फांदी लावली तरी ती जीव धरते. तिला भरपूर ऊन हवें. काळ्या जमिनींत पाणी तुंबतें, म्हणून मातीचा उंचवटा करून लावावी. एकदां मूळ धरल्यावर ती थोड्या पाण्यावर तग धरते.

मात्र छाटणी झाल्यावर हात धुवावे, आणि छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकूं नयेत. वाळल्यानें पानांचा कडवटपणा कमी होतो, विष मात्र जात नाहीं. म्हणून हिरव्या पानास तोंड न लावणारें जनावर वाळलेलें पान खाऊन दगावतें. फांद्या जाळूंही नयेत, कारण धूरही बाधतो. खोल खड्ड्यांत पुरून टाकाव्या. मुलांना फूल दाखवितांना पान तोंडांत घालावयाचें नाहीं, हेंही त्याच वेळीं सांगावें.

अश्वमार या एका शब्दांत पूर्वजांनीं पुढील पिढ्यांना इशारा देऊन ठेविला होता. तो शब्द आज आपल्या बोलण्यांतून गेला आहे. फुलें मात्र दारोदार फुलत आहेत. जुन्या शब्दांचा अर्थ विसरल्यानें होणारी हानि ही अशी असते.