मंजूर, भरलेली, रिक्त : राधानगरीच्या परिसरातील परिचर्येचा इतिहास

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला राधानगरी तालुका पाण्याच्या इतिहासासाठी महाराष्ट्राला ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फेजिवडे येथे भोगावती नदीवर धरण बांधण्याचे काम हाती घेतले, जवळच्या नव्या वसाहतीला आपली कन्या राधाबाई यांचे नाव दिले, आणि स्वातंत्र्यानंतर हे धरण पूर्ण होऊन पुढे तुळशी व दूधगंगा या नद्यांवरही जलाशय उभे राहिले. या जलाशयांतील पाण्याची पातळी पावसाळ्यात रोज मोजली जाते व वर्तमानपत्रांत छापून येते. त्याच खोऱ्यांतील आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या माणसांचीही मोजदाद होते, मात्र ती कार्यालयाच्या कपाटात राहते. शासकीय भाषेत त्या मोजदादीच्या आधाराला आकृतिबंध म्हणतात, म्हणजे एखाद्या संस्थेत कोणत्या दर्जाची किती पदे असावीत याचा मंजूर आराखडा. आणि त्यावरून तयार होणाऱ्या तक्त्याला मंजूर, भरलेली व रिक्त असे तीन रकाने असतात. परिचारिकांचा तुटवडा ही बाब गेली सुमारे ऐंशी वर्षे या तिसऱ्या रकान्यात नोंदली गेली आहे, परंतु ती मोर्चाच्या फलकावर आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात आली ती बरीच उशिरा, आणि ती तेथे आणण्याचे काम मुख्यतः परिचारिकांनीच केले.

शुश्रूषा करणारी व्यक्ती ही उपचाराचा स्वतंत्र घटक आहे, ही जाणीव भारतीय वैद्यकाला नवी नव्हती. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांतील उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ राहून त्याची देखभाल करणारा, आणि त्याच्या ठायी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी माया व शुचिता हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा तेथे आहे. ग्रंथातला हा उपस्थाता गावगाड्यात मात्र पगारी व्यवसाय म्हणून रुजला नाही. आजाऱ्याची सेवा घरच्या बायकांकडे राहिली, बाळंतपण सुईणीकडे गेले, आणि सुईणीला मोबदला मिळे तो लुगडे, खण, नारळ किंवा पसा-दोन पसे धान्य अशा स्वरूपात. तिचे कसब गावाला हवे असे. पण नाळ कापण्याचे व बाळंतिणीचे धुणे धुण्याचे काम विटाळाचे मानले गेल्याने त्या कसबाला प्रतिष्ठा नव्हती. आधुनिक परिचर्येला महाराष्ट्रात दीर्घकाळ भेडसावलेली मनुष्यबळाची चणचण केवळ पैशाची नव्हती. तिची एक मुळी या विटाळाच्या कल्पनेत होती, आणि पुढच्या काळातील सरकारी अहवालांनी जातीच्या या बाजूकडे जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे दिलेले दिसत नाही.

प्रशिक्षित परिचारिका या प्रदेशात आली ती रुग्णालयाच्या मागोमाग. कोल्हापूर संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल उभे राहिले. तेच पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आजचे सीपीआर, झाले. शेजारच्या मिरजेत अमेरिकन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि त्याला जोडून परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडाने स्त्री-डॉक्टर, परिचारिका व सुईणी तयार करण्यासाठी देशभर पैसा उभा केला होता. कोल्हापुरात रखमाबाई केळवकर यांच्या कन्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी संस्थानच्या पाठबळावर वैद्यकीय शिक्षण घेऊन आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये काम केले. स्त्री-डॉक्टर मिळाली की स्त्रिया रुग्णालयात येतील, हा त्या काळचा हिशेब बरोबर ठरला. परंतु त्या आल्यावर त्यांच्या उशाशी रात्रभर बसणार कोण, हा प्रश्न मागे उरला.

त्याचे उत्तर शोधताना सर्वत्र सारखाच अनुभव येत होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून घेतले जाते. त्यानंतरही अनेक वर्षे हा पेशा मुख्यतः युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिस्ती स्त्रियांच्या हाती राहिला, कारण परपुरुषाच्या अंगाला हात लावणे, रात्रपाळी करणे आणि घरापासून दूर वसतिगृहात राहणे या तिन्ही गोष्टी हिंदू व मुसलमान मध्यमवर्गाला अमान्य होत्या. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा व परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हा या नकाराला पहिल्यांदा संघटित छेद गेला. मात्र त्यातून एक दुसरी समजूत घट्ट झाली, ती म्हणजे परिचर्या ही निराधार स्त्रीने पत्करायची सेवा आहे. मराठी पदनामांनी ही समजूत अजूनही सांभाळून ठेवली आहे. गावपातळीवरची आरोग्य सेविका, वॉर्डाची प्रमुख असलेली परिसेविका आणि रुग्णालयातील सर्व परिचारिकांची प्रमुख असलेली अधिसेविका, या तिघींच्या नावात सेवा आहे. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावात अधिकार आहे. सेवेचे तास मोजणे अशोभनीय मानले जाते, आणि तास मोजले गेले नाहीत की माणसे किती कमी आहेत हेही कळत नाही.

ही मोजणी देशाच्या पातळीवर प्रथम ठसठशीतपणे मांडली ती सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. इंग्लंडमध्ये त्याच वेळी हे प्रमाण ३०० लोकांमागे एक असे होते. डॉक्टरांची उणीव मोठी होतीच, पण त्यांचे प्रमाण ६,३०० लोकांमागे एक असे होते. परिचारिकांची उणीव तिच्या कितीतरी पट खोल होती, तरीही स्वातंत्र्यानंतरची सार्वजनिक चर्चा खेड्यात डॉक्टर जात नाही या एकाच तक्रारीभोवती फिरत राहिली. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, १९६६ मध्ये महाराष्ट्राने आपला स्वतंत्र परिचारिका अधिनियम केला, १९८०च्या दशकाच्या अखेरीस सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने परिचारिकांच्या कामाच्या स्थितीचा पुन्हा आढावा घेतला. कागद वाढत गेले. तिसरा रकाना राहिला.

राधानगरीच्या डोंगरी भागात हा इतिहास पोहोचला तो उपकेंद्राच्या रूपाने. १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण आरोग्याचा हा थर त्यांच्याकडे गेला. प्राथमिक आरोग्य केंद्राखाली उपकेंद्र, आणि उपकेंद्रावर सहायक परिचारिका प्रसविका, म्हणजे बाळंतपणाचे व प्राथमिक शुश्रूषेचे शिक्षण घेतलेली कर्मचारी, अशी ही रचना होती. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिला बहुउद्देशीय कर्मचारी ठरवण्यात आले आणि बाळंतपणासोबत हिवताप, लसीकरण, कुटुंबनियोजन व या सर्वांच्या नोंदवह्या तिच्याकडे आल्या. गावाने तिला नर्सबाई म्हटले. आणीबाणीच्या काळात आणि नंतरही, १९९६ मध्ये उद्दिष्टांची पद्धत औपचारिकपणे मागे घेईपर्यंत, तिच्या कामाचे मोल नसबंदीच्या केसेसवर ठरत असल्याने नर्सबाई आली की काही घरांची दारे बंद होत.

सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष कागदावर उदार वाटतो. परंतु लोकसंख्येचा निकष अंतर मोजत नाही. दाजीपूरच्या जंगलालगतचे धनगरवाडे, जलाशयांच्या काठी विखुरलेल्या वाड्या आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे मोऱ्यांवरचे रस्ते ध्यानात घेतले तर तेवढ्याच माणसांपर्यंत पोहोचायला येथे सपाटीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, आणि रुग्णाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणण्याची रीत अशा मुलखात अगदी अलीकडेपर्यंत टिकून राहण्याचे कारणही तेच. अशा ठिकाणी कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे, म्हणजे नेमणुकीच्या गावातच वस्ती करावी, असा नियम आहे, आणि ग्रामसभांतील तक्रारींमध्ये तो वारंवार उच्चारला जातो. त्याची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. एकटी स्त्री, गळके निवासस्थान आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न यांचा मेळ बसला नाही की बदलीचा अर्ज जातो, बदली झाली की पद रिक्त होते, आणि शेजारच्या उपकेंद्राच्या सेविकेकडे अतिरिक्त कार्यभार येतो. अतिरिक्त कार्यभार हा शब्द कार्यालयात समजुतीचा असतो. पायवाटेवर त्याचा अर्थ दोन दिवसांची फेरी चार दिवसांची होणे असा होतो.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी आशा स्वयंसेविका नेमल्या गेल्या, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली, आणि घरातील बाळंतपणे झपाट्याने रुग्णालयांत सरकली. हे यश निर्विवाद आहे. परंतु बाळंतपण सरकले तसे कामही सरकले, आणि ते येऊन पडले तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील अधिपरिचारिकेवर, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम करणाऱ्या परिचारिकेवर. येथे प्रमाणांचे गणित थोडे उलगडून पाहणे आवश्यक आहे, कारण सर्वसामान्य वाचक नेमका तेथेच फसतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषानुसार शिक्षण-संलग्न रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव हव्यात. पाच रुग्णांना एक हे ऐकायला भरघोस वाटते. पण परिचारिका तीन पाळ्यांत विभागल्या जातात, त्यामुळे प्रत्यक्ष पाळीत पंधरा रुग्णांना एकच उरते. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला हे लावले तर रजाराखीव धरून सुमारे आठ परिचारिका लागतात आणि रात्री दोघी हजर असतात. त्यांतली एक प्रसूतिगृहात अडकली आणि दुसरी गंभीर रुग्णासोबत रुग्णवाहिकेतून सुमारे ५० किलोमीटरवरच्या कोल्हापूरला गेली, तर वॉर्डात कोणीच नसते. हा सर्व पदे भरलेली असतानाचा हिशेब आहे.

हे गणित लोकांपुढे मांडण्याची परिचारिकांची पद्धत इतर कामगारांच्या आंदोलनापेक्षा वेगळी घडली, कारण गिरणी बंद ठेवता येते तसा वॉर्ड बंद ठेवता येत नाही. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो, आणि सत्काराच्या या दिवशीच रिक्त पदांची मागणी पुढे करण्याची संधी संघटनांना मिळू लागली. काळ्या फिती लावून काम करणे, जेवणाच्या सुटीत प्रवेशद्वाराशी निदर्शने करणे, मग दोन तासांचे कामबंद, मग एक दिवसाचे, आणि सरतेशेवटी बेमुदत संप, अशी ही चढती पायरी आहे. अतिदक्षता व तातडीचे विभाग वगळण्याकडे तिचा कल असतो. जून २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट ओसरत असताना, राज्यातील शासकीय रुग्णालयांच्या परिचारिकांनी हाच क्रम पाळला : २१ व २२ तारखेला दोन तास, २३ व २४ तारखेला पूर्ण दिवस. टाळ्या व थाळ्या वाजवून झालेल्या कौतुकाला वर्ष उलटले होते, आणि मागण्यांत कायम पदांची भरती होती. मे २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेच्या पुढाकाराने झालेला संप बाह्यस्रोतातून, म्हणजे खासगी कंत्राटदारामार्फत, पदे भरण्याच्या निर्णयाविरुद्ध होता. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर निदर्शने करून, १७ तारखेला एक दिवसाचा संप करून, पुन्हा बेमुदत संपाची पायरी गाठली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षीच्या अहवालात जगभरातील परिचारिकांची उणीव सुमारे ५८ लाख सांगितली होती. मराठी परिचारिका परदेशी जातात ही वस्तुस्थिती त्या आकड्याशी जोडलेली आहे, तरी येथील तिसरा रकाना केवळ स्थलांतराने भरलेला नाही. शिकलेल्या परिचारिका गावी आहेत आणि पदे रिक्त आहेत, ही भरतीची अडचण आहे.

राधानगरीसारख्या तालुक्यात या आवाजाला आणखी एक मर्यादा पडते. ग्रामीण रुग्णालयातील अधिपरिचारिका राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची, उपकेंद्रातील आरोग्य सेविका जिल्हा परिषदेची, आणि दोन्हीकडे खांद्याला खांदा लावून काम करणारी कंत्राटी परिचारिका राष्ट्रीय आरोग्य अभियानाची असते. सीपीआरमध्ये पाठवलेल्या रुग्णाला भेटणारी परिचारिका वैद्यकीय शिक्षण विभागाची असते. चौघींचे आकृतिबंध वेगळे, संघटना वेगळ्या, संपाच्या तारखाही बहुधा वेगळ्या. अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या उत्तरार्धात कायम सेवेसाठी पुकारलेल्या संपात उपकेंद्राची कायम सेविका कामावर होती, आणि अधिपरिचारिकांच्या संपात हे कंत्राटी कर्मचारी कामावर राहिले. तालुक्यातील रुग्णांसाठी एकूण किती परिचारिका हव्यात आणि किती आहेत, याची बेरीज त्यामुळे चार वेगवेगळ्या तक्त्यांत विखुरलेली आहे. धामोडहून किंवा दाजीपूरच्या बाजूने आलेला रुग्ण मात्र चौघींनाही एकाच नावाने, सिस्टर म्हणून, हाक मारतो.