कंटेनर-भांडारे व विश्वसनीय प्रमाणपत्रे

संगणकाची आज्ञावली आणि ती चालण्यास लागणारी सर्व सामग्री एकत्र बांधून केलेल्या गठ्ठ्यास ‘कंटेनर प्रतिमा’ म्हणतात. अशा प्रतिमा जेथे साठवून मागणीप्रमाणे जाळ्यावरून पुरविल्या जातात, ते कंटेनर-भांडार किंवा रजिस्ट्री होय. भांडार ज्या नावाने ओळखले जाते, त्या नावावर त्याचा खरोखर अधिकार आहे, अशी तिऱ्हाइताने दिलेली ग्वाही म्हणजे अंकीय प्रमाणपत्र. ही ग्वाही न तपासता भांडारातून माल उचलण्याने जे धोके संभवतात, त्यांचा इतिहास जेमतेम एका तपाचा आहे. मात्र त्यामागील प्रश्न बराच जुना आहे.

‘कंटेनर’ हे नाव जहाजवाहतुकीतून आले. अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींतून निर्यातीचा माल घेऊन न्हावा-शेवा बंदराकडे जाणारी पोलादी पेटी वाटेत कोणी उघडत नाही. दारावरील क्रमांकित सील अभंग आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. २०१७ मध्ये सीमाशुल्क विभागाने यासाठी रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या ई-सीलची पद्धत आणली. शेजारच्या उल्हासनगराविषयी निराळीच कथा सांगतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसविलेल्या या नगराला १९४९ मध्ये सध्याचे नाव मिळाले. तेथील मालावरील ‘मेड इन यूएसए’ या शब्दांतील ‘यूएसए’ ही ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ची आद्याक्षरे होत, अशी ती आख्यायिका. तिने तेथील कष्टाळू कारखानदारांवर अन्यायच केला. पण तिच्यातील मर्म खोटे नाही. चिठ्ठी कोणालाही छापता येते. ती खरी असल्याची साक्ष कोण देतो, हा खरा प्रश्न असतो. ज्या प्रमाणपत्रावर स्वतः भांडारचालकाचीच सही असते, अशा स्वस्वाक्षरित प्रमाणपत्राची योग्यता, ते आधी अन्य मार्गाने पडताळून घेतलेले नसेल तर, अशा चिठ्ठीएवढीच होय.

व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये जाहीर किल्लीच्या गुप्तलेखनाची कल्पना मांडली. किल्ली जाहीर केली तरी ती नेमकी कोणाची, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्यावर लॉरेन कोनफेल्डर याने १९७८ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आपल्या प्रबंधात प्रमाणपत्राचा उपाय सुचविला. १९८८ मध्ये ‘एक्स. ५०९’ हे प्रमाणपत्राचे मानक प्रसिद्ध झाले. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये प्रमाणन प्राधिकाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रकाचे पद निर्माण करण्यात आले.

डॉकर ही कंटेनर प्रणाली मार्च २०१३ मध्ये लोकांपुढे आली. आरंभीच्या आवृत्त्यांत भांडाराशी सुरक्षित जोडणी न जमल्यास प्रणाली आपोआप उघड्या जोडणीकडे वळत असे. ऑक्टोबर २०१४ मधील १.३.१ या आवृत्तीत हा दोष दूर होऊन प्रमाणपत्राची तपासणी सक्तीची झाली. तथापि एखाद्या भांडारापुरती ही सक्ती उठविण्याचा ‘इनसिक्युअर रजिस्ट्री’ हा पर्याय वापरणाऱ्याच्या हाती ठेवण्यात आला. कचेरीतल्या कचेरीत चालणाऱ्या भांडारासाठी प्रमाणपत्राची खटपट कशाला, या विचाराने तो चाचणीपुरता म्हणून वापरला जातो आणि पुढे तसाच राहून जातो.

त्याचा परिणाम असा. जाळ्यात शिरकाव केलेला मनुष्य भांडाराच्या नावाचा पत्ता स्वतःच्या यंत्राकडे वळवू शकतो. मागणी करणारा संगणक प्रमाणपत्र पडताळीत नसल्याने त्यालाच भांडार समजतो. जोडणी सांकेतिक असली तरी उपयोग होत नाही. चोराशी कुजबुजत बोलल्याने गुपित राहत नाही. परवलीचा शब्द त्याच्या हाती पडतो आणि त्याने दिलेली प्रतिमा कारखान्याच्या वा बँकेच्या यंत्रावर चालू लागते. प्रतिमेला आशयावरून काढलेला एक अंकीय ठसा असतो, हे खरे. परंतु माल बहुधा ‘लेटेस्ट’ अशा नावाने मागविला जातो आणि त्या नावाचा ठसा कोणता, हे तोतया भांडारच सांगते. ठसा अन्य मार्गाने आधी कळला असेल, तरच फसवणूक उघडकीस येते.

प्रमाणपत्र असले म्हणजे सर्व साधले, असेही नाही. जून-जुलै २०१४ मध्ये भारताच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगल व याहू यांच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले. ३ जुलै रोजी नियंत्रकाने त्या केंद्राची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. येथे साक्षीदारच फितवला गेला होता. दुसरा प्रकार असा की भांडार खरे, पण माल दूषित. डॉकरच्या अधिकृत सार्वजनिक भांडारात एकाच खात्याने ठेवलेल्या १७ अपायकारक प्रतिमा २०१८ मध्ये काढून टाकण्यात आल्या. तोवर त्या ५० लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतल्या गेल्या होत्या.

दूषित माल खऱ्या दारातून आला तर काय घडते, हे महाराष्ट्राने न्हावा-शेवा येथे पाहिले. युक्रेनमधील ‘एम. ई. डॉक’ या हिशेब-आज्ञावलीच्या सुधारित आवृत्त्या पुरविणाऱ्या यंत्रणेत शिरून पेरलेला ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम २७ जून २०१७ रोजी जगभर पसरला. मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या तेथील गेटवे टर्मिनल्सचे कामकाज त्यामुळे ठप्प झाले. पेट्यांवरील सील शाबूत होती. कोणती पेटी कोठे जावयाची, हे सांगणारा संगणकच मूक झाला होता. या समूहाला जगभरातील सुमारे ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले. हे भांडार कंटेनरचे नव्हते; मात्र पुरवठ्याच्या दारावरील विश्वासाचा लाभ घेण्याची रीत तीच होती.

म्हणून प्रतिमांवर निर्मात्याची स्वतंत्र स्वाक्षरी असावी, हा विचार पुढे आला. डॉकरने ऑगस्ट २०१५ मध्ये तशी सोय दिली. खर्चाची सबब डिसेंबर २०१५ पासून मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’मुळे बरीच दुबळी झाली. अंतर्गत भांडारांसाठी आस्थापनेने स्वतःचे प्रमाणन केंद्र उभारून त्याचे मूळ प्रमाणपत्र प्रत्येक यंत्रावर बसविणे, हा रूढ मार्ग आहे. त्यात नूतनीकरणाचा विसर पडणे हीच मोठी अडचण ठरते. मुदत संपली की काम अडते आणि घाईत तपासणीच बंद केली जाते. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचे संबंधित आंतरराष्ट्रीय मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरविले असल्याने हे काम हाताने करणे यापुढे व्यवहार्य राहणार नाही.