दातवण, मिश्री आणि ब्लीच: आपल्या दातांच्या रंगाची गोष्ट

कागल पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागली, लग्न ठरलं, की हल्ली एक प्रश्न हमखास येतो: दात पांढरे करून घेऊ का? पणजीच्या पणजीला हे सांगितलं असतं तर ती हसली असती. आणि हसताना तिचे दात काळे दिसले असते.

खरंच. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे सवाष्ण बायका दातवण लावायच्या. हिराकस आणि हिरड्यासारख्या तुरट वस्तूंची पूड. हिराकशीतलं लोह आणि हिरड्यातलं टॅनिन एकत्र आलं की काळा रंग धरतो. जुनी शाईही अशीच बनायची. काळे दात म्हणजे शोभा! जपानातही हीच चाल होती, तिथल्या सरकारनं १८७० मध्ये सरदार घराण्यांना ती बंद करायला लावली.

दातवण गेलं, पण आपल्या पट्ट्यात मिश्री राहिली. कारण लांब नाही. कागलहून हायवेला लागा, दूधगंगा ओलांडा, वीसेक किलोमीटरवर निपाणी, तंबाखूची पेठ. १९८१ मध्ये भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हाच रस्ता अडवला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. ज्या पानावर एवढी घरं चालायची, तेच पान तव्यावर भाजून, कुटून बायका सकाळी दातांना लावायच्या. दात साफ होतात म्हणून सुरुवात, मग ती लावल्याशिवाय दिवसच सुरू होत नाही. निकोटिन हो, दुसरं काय! १९९२ मध्ये केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार?

आता ब्लीच. १९८९ मध्ये अमेरिकेत हेवूड आणि हेमन यांनी १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल ट्रेमध्ये भरून रात्रभर दातांवर ठेवायची पद्धत प्रसिद्ध केली. पेरॉक्साइड दातात मुरतं आणि रंगाचे रेणू फोडतं. पण मिश्रीचा, गुटख्याचा डाग बहुतेक वरवरचा. त्याला आधी स्केलिंग-पॉलिशिंग. पुष्कळदा तेवढ्यातच भागतं, पैसे वाचतात. कॅप किंवा सिमेंटचा रंग ब्लीचनं बदलत नाही, त्यामुळे समोर कॅप असेल तर ती वेगळी उठून दिसेल, हे आधी विचारा. कीड असेल तर आधी ती भरून घ्या. काही दिवस थंड पाणी झोंबतं, ते बहुधा आपोआप थांबतं. आणि रीलमधलं लिंबू चोळणं सोडा. ॲसिडनं झिजलेलं इनॅमल परत येत नाही.

खुर्चीत बसलाच आहात, तर डॉक्टरांना गाल आणि ओठांची आतली बाजूही बघायला सांगा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, भरत नसलेली जखम, तोंड पूर्ण न उघडणं, हे दिसलं तर ब्लीच बाजूला आणि तपासणी आधी. तंबाखू चालू ठेवून पांढरे केलेले दात पुन्हा रंगतात, ते वेगळंच.

आणि पुढच्या वेळी आजीलाही सोबत न्या. चाळीस वर्षं मिश्री लावलेलं तोंड एकदा तरी कुणी नीट बघायला हवं.