भारवांटणी आणि ओळख

वेबवरील एखाद्या मोठ्या दुकानांत शिरणाऱ्या माणसास वाटतें कीं, आपण एकाच यंत्राशीं बोलत आहों. वस्तुतः त्या एका नांवामागें दहा, शंभर, कित्येकदां हजारों सर्व्हर उभे असतात. आणि एक पान ज्यानें दिलें त्यानेंच पुढचें पान द्यावें, असा नियम मुळांत नाहीं. एवढ्या गर्दींत गिऱ्हाइकाची पिशवी हरवत कशी नाहीं, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हे. त्याच्या उत्तरापासून फुटलेली एक वाट तर आजच्या अगदीं घरगुती तक्रारीपर्यंत, आपल्यावर कोणी पाळत ठेवीत आहे या तक्रारीपर्यंत, येऊन पोंचली आहे.

भार वांटण्याचें शास्त्र वेबहून फार जुनें. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनीं १९०९ सालीं टेलिफोनच्या मागण्या कशा अवचित येतात याचा संभाव्यतेच्या गणितानें विचार केला. पुढें १९१७ सालीं, किती तारा असल्या म्हणजे किती गिऱ्हाइकें विन्मुख जातील किंवा किती वेळ ताटकळतील, हें सांगणारीं सूत्रें त्यांनीं प्रसिद्ध केलीं. त्यांतून निघणारें एक तत्त्व असें कीं, वीस तारांचा एक सामाईक गट जितकें काम उरकतो तितकें दहा-दहा तारांचे दोन वेगळे गट उरकूं शकत नाहींत. टपालकचेरींत एका खिडकीपाशीं लांब रांग आणि शेजारच्या खिडकींत रिकामा बसलेला कारकून ज्यानें पाहिला आहे, त्याला सूत्राची गरज नाहीं. पण टेलिफोनला एक सोय होती. बोलणें सुरू झालें कीं तें संपेपर्यंत तीच तार त्याच दोघांच्या स्वाधीन असे. मधेंच ‘आपण कोण?’ असें विचारण्याचा प्रसंगच येत नसे.

वेबनें ही सोय सोडून दिली. जिनीव्हाजवळील सर्न संस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं आपली योजना मांडली. १९९१ पर्यंत तिला जें रूप आलें त्यांत ब्राउझरनें जोडणी करावी, एक कागद मागावा, सर्व्हरनें तो द्यावा, जोडणी तोडावी आणि मागणारा कोण होता हें विसरून जावें, एवढाच व्यवहार होता. शास्त्रज्ञांचे लेख वाचण्यास तो पुरेसा होता. शिवाय ज्याला कांहीं आठवावें लागत नाहीं, त्याच्या जागीं दुसरा कोणीहि उभा करतां येतो.

याचा पडताळा इलिनॉय विद्यापीठाच्या एन. सी. एस. ए. केंद्रांत आला. १९९३ सालीं त्या केंद्राचा मोझेक ब्राउझर निघाला आणि केंद्राच्याच सर्व्हरवर लोकांची अशी झुंबड उडाली कीं एक यंत्र पुरेना. १९९४ सालीं तेथील मंडळींनीं अनेक यंत्रें ओळीनें मांडलीं, सर्वांना एकाच सामाईक भांडारांतून कागद पुरविले, आणि नांवावरून पत्ता सांगणाऱ्या डी. एन. एस. ला पाळीपाळीनें निरनिराळा पत्ता सांगावयास लावलें. हीच राउंड रॉबिनची रीत. पंगतींतल्या वाढप्यासारखी ती साधी आहे, आणि तिचा दोषहि वाढप्याचाच आहे. सांगितलेला पत्ता दूरदूरच्या संस्था कांहीं काळ साठवून ठेवीत; त्यामुळें एका संस्थेंतील सारीं माणसें एकाच यंत्रावर लोटत. एखादें यंत्र बंद पडलें तरी त्याचा पत्ता सांगितला जातच राही. पाहुणा उठून गेला तरी त्याच्या पानावर वाढणें चालूच!

त्याच वर्षीं वेबवर दुकान मांडण्याची इच्छा उत्पन्न झाली आणि विसराळूपणा अंगाशीं आला. नेटस्केप कंपनीच्या एका गिऱ्हाइकाला अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद आपल्या सर्व्हरवर ठेवावयाची नव्हती. तेव्हां कंपनींतील लू मॉन्टुली यांनीं ती ब्राउझरपाशींच ठेवण्याची युक्ति काढली. सर्व्हरनें एक चिठ्ठी द्यावी, ब्राउझरनें ती जपावी, आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर दाखवावी. युनिक्सच्या कारागिरांत रूढ असलेल्या ‘मॅजिक कुकी’ या शब्दावरून तिला कुकी हें नांव मिळालें. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देणें सोपें होतें. परंतु त्यानें माणसाचा माग सर्वत्र काढतां आला असता, म्हणून चिठ्ठी ज्या दुकानाची त्यालाच दिसावी असें ठरलें. हा विवेक प्रशंसनीय खरा. पण एकाच जाहिरातदाराचें चित्र हजार दुकानांत टांगलें तर त्या जाहिरातदाराची चिठ्ठी हजार ठिकाणीं दाखविली जाते, ही पळवाट उरलीच. फेब्रुवारी १९९७ च्या पहिल्या कुकी-नियमावलींत, आर. एफ. सी. २१०९ मध्यें, अशा परक्या चिठ्ठ्या आपोआप स्वीकारूं नयेत असें लिहिलें होतें. मोठ्या ब्राउझर-कंपन्यांनीं तें मानलें नाहीं, आणि त्याचें फळ सर्वांनीं भोगलें.

इकडे सर्व्हरांच्या पुढें द्वारपाल बसविण्याची पद्धति आली. १९९६ सालीं सिस्कोचा लोकलडायरेक्टर व १९९७ सालीं सिॲटलच्या एफ-फाइव्हचा बिग-आयपी हीं यंत्रें निघालीं. १९९८ सालीं वेनसोंग झांग यांनीं लिनक्सवर, आणि २००१ सालीं विली तारो यांनीं एचएप्रॉक्सीच्या रूपानें, हेंच काम फुकट मिळणाऱ्या प्रणालींनीं साधलें. द्वारपाल सर्व्हर जिवंत आहे कीं नाहीं हें वरचेवर विचारतो, आणि ज्याच्याकडे कमी जोडण्या असतील त्याच्याकडे नवा माणूस धाडतो. पण पिशवी एका विशिष्ट सर्व्हरच्या स्मरणांत असेल तर? मग जुन्या गिऱ्हाइकाला त्याच खिडकीशीं बांधून ठेवावें लागतें. यालाच सत्रसातत्य म्हणतात. आणि एर्लांगच्या तत्त्वाला येथेंच बाध येतो, कारण बांधलेलीं गिऱ्हाइकें म्हणजे पुनः वेगळे गट.

बांधावयाचें कशानें, यावर बराच घोळ झाला. येणाऱ्याचा पत्ता पाहून बांधावें तर अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपनीचीं असंख्य गिऱ्हाइकें मोजक्या मध्यस्थ यंत्रांतून येत, आणि एकाच माणसाचा पत्ता मधेंच बदलेहि. शेवटीं द्वारपालानें स्वतःच कुकींत सर्व्हरची खूण घालावी ही रीत अधिक भरंवशाची ठरली.

या मांडणीची परीक्षा घेणें तर मांडणीहून कठीण. एकाच यंत्रावरून मारा केला आणि सातत्य पत्त्यावर ठेवलेलें असलें, तर सारा भार एका सर्व्हरवर पडतो, बाकीचे स्वस्थ बसतात, आणि परीक्षक म्हणतो, वांटणी बिघडली. उलट अपाचीबेंच हें साधन सर्व्हरनें दिलेली कुकी जपत नाहीं. तेव्हां त्याची प्रत्येक मागणी नव्या माणसाची ठरते, वांटणी सुरेख दिसते, आणि सातत्याची परीक्षा मुळीं झालेलीच नसते. खरी रीत अशी कीं, प्रत्येक सर्व्हरनें पानावर आपली खूण छापावी, खऱ्या ब्राउझरनें पिशवी भरावी, आणि मग भर व्यवहारांत एक सर्व्हर बंद करून पिशवीचें काय होतें तें पाहावें. तो पुनः सुरू करतांनाहि डोळे उघडे ठेवावे; त्याच्याकडे जोडण्या शून्य, म्हणून ‘कमी जोडण्या’ मोजणारा द्वारपाल साऱ्या नव्या गिऱ्हाइकांचा लोंढा त्याच्याच अंगावर सोडतो.

पुष्कळांच्या पिशव्या या बंद करण्याच्या परीक्षेंत हरवल्या. म्हणून स्मरण सर्व्हरच्या बाहेर काढून सामाईक ठिकाणीं ठेवण्याकडे कल झाला. २००३ सालीं ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनीं लाइव्हजर्नलसाठीं मेमकॅश्ड लिहिलें. तें चपळ आहे, पण जागा भरली कीं जुनें टाकून देतें, हें विसरून त्यांत एकुलती एक नोंद ठेवणारे फसले. डेव्हिड कार्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं दाखविलेली विभागणी मात्र फार उपयोगी पडली: एक यंत्र गेलें तर त्याच्याच वांट्याच्या नोंदी इतरत्र जातात, बाकीच्या जागच्या जागीं राहतात.

त्याच विभागणीवर उभारलेल्या डायनॅमो या साठवणीचें वर्णन ॲमेझॉनच्या कारागिरांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलें. यंत्रायंत्रांतील संबंध तुटला असला तरी गिऱ्हाइकानें पिशवींत टाकलेली वस्तु नाकारावयाची नाहीं. दोन ठिकाणीं दोन भिन्न पिशव्या तयार झाल्या, तर मागाहून त्या एकत्र करावयाच्या. त्या रीतीनें घातलेली वस्तु हरवत नाहीं. मात्र काढून टाकलेली वस्तु क्वचित् पुनः पिशवींत येऊन बसते, हें त्यांनीं त्याच लेखांत मोकळेपणानें नमूद केलें आहे.