हजेरीपट, गोवर आणि आपल्या शाळा

आपल्या घरांतल्या जुन्या बायकांच्या लेखी गोवर हा आजार नव्हताच. मुलाला दात येतात, मूल रांगते, तसा त्याला एकदा गोवर येतो आणि जातो, अशी समजूत होती. अंगावर पुरळ उठले की मुलाला अंधाऱ्या खोलीत निजवायचे, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही आणि बाहेरच्याला उंबरठा ओलांडू द्यायचा नाही. शेजारची हिंदी बोलणारी मंडळी म्हणत, "माता आयी है." आपल्याकडेही तेच म्हणायची सवय लागली.

या रीतीला आम्ही हसणार नाही. गोवरात डोळ्यांना उजेड सोसत नाही, त्यामुळे अंधारी खोली बरीच. बाहेरच्यांना मज्जाव करणे हेही शहाणपणाचेच. फक्त त्याला उशीर झालेला असे. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल हा रोग इतरांना देत असते. ते चार दिवस साधा ताप, वाहते नाक आणि लाल डोळे असतात, आणि अशा किरकोळ तापात कोणती आई मुलाची शाळा बुडवते? मूल शाळेत जाते, बाकावर चौघांत बसते. गोवराचा एक रोगी, ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशा बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. रोगी उठून गेल्यावरही त्याचे विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतात. म्हणजे गोवराला शाळेच्या वर्गासारखी सोयीची जागा दुसरी नाही. आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत गोवराला अडवण्याचे बरेचसे काम झाले तेही शाळेतच.

गोवराच्या लसीचा जन्मच मुळी एका शाळेतल्या साथीतून झाला. १९५४ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या फे स्कूल नावाच्या वसतिगृहाच्या शाळेत गोवर पसरला. जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेतले डॉ. थॉमस पीबल्स तिथे गेले आणि आजारी मुलांच्या रक्ताचे व घशातले नमुने घेऊन आले. त्यांपैकी डेव्हिड एडमन्स्टन या विद्यार्थ्याच्या नमुन्यातून विषाणू वेगळा करता आला. त्याच विषाणूला प्रयोगशाळेत वाढवत, दुबळा करत लस बनली आणि १९६३ मध्ये तिला परवाना मिळाला. पुढे याच विषाणूचा एक वाण युगोस्लाव्हियातल्या झाग्रेब शहरात तयार झाला. तो एडमन्स्टन-झाग्रेब वाण आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने लसीसाठी वापरला. तेव्हा राजपुऱ्यातल्या एखाद्या मुलाच्या दंडात जी लस जाते, तिचे मूळ एका शाळकरी मुलाच्या तापात आहे. आम्हाला तरी ही गोष्ट फार मोलाची वाटते.

शाळा आणि आरोग्यखाते यांची गाठ आपल्या देशात त्याही आधीची आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९०९ मध्ये बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातली ती पहिली मानतात. एकदा मुले एका छपराखाली बसू लागली की त्यांचे डोळे, दात, वजन तपासणे सोपे जाते, हे त्या काळातल्या कारभाऱ्यांच्या लक्षात आले होते. त्यापूर्वी देवीची लस टोचणारा माणूस दारोदार फिरत असे. आपल्याकडे त्याला 'देवी डॉक्टर' म्हणत, आणि लस टोचण्याला 'देवी काढणे'. १९५१ नंतर क्षयाविरुद्ध बीसीजीची देशव्यापी मोहीम निघाली, तेव्हा पथके मोठ्या प्रमाणावर शाळांतून गेली. स्मरणिका वाचणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले जे कोणी असतील त्यांनी आपला दंड पाहावा. देवीचे गोल वण बहुतेकांच्या दंडावर सापडतील.

इथे एक गंमत सांगायला हवी. मध्य प्रदेशात लसीकरणाला 'टीकाकरण' म्हणतात आणि लस टोचण्याला 'टीका लगाना'. मराठीत टीका म्हणजे दोष काढणे. महाराष्ट्रातून लग्न होऊन बऱ्हाणपुरात आलेल्या सुनेला शेजारीण पहिल्यांदा विचारते, "बच्चे को टीका लगवाया?" तेव्हा ती क्षणभर गोंधळते. गोवराला इथे 'खसरा' म्हणतात, आणि खसरा म्हणजे तलाठ्याकडचा जमिनीचा कागदही. दोन भाषांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला असे गोंधळ रोजचेच.

भारतात गोवराची लस १९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आली. नऊ महिन्यांच्या बाळाला एक मात्रा. त्या वयाची बाळे अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात आणायची, त्यामुळे शाळेचा संबंध नव्हता. पण एका मात्रेने सगळ्यांना संरक्षण मिळत नाही. नवव्या महिन्यात टोचलेल्या शंभरांतल्या सुमारे पंधरा मुलांना लस लागू पडत नाही, आणि ज्यांना ती टोचलीच गेली नाही ती मुले वेगळीच. अशी मुले वर्षागणिक साठत जातात, शाळेत एकत्र येतात, आणि मग एका ठिणगीने साथ पेटते. साथ अडवायची तर शंभरातले पंचाण्णव सुरक्षित हवेत. म्हणून दुसरी मात्रा आली.

ही दुसरी मात्रा देताना २०१० मध्ये देशाची दोन भागांत वाटणी झाली. ज्या राज्यांत पहिल्या मात्रेचे प्रमाण बरे होते, तिथे दुसरी मात्रा नेहमीच्या वेळापत्रकात थेट घातली. महाराष्ट्र त्यांत होता. जी चौदा राज्ये मागे होती, तिथे आधी नऊ महिने ते दहा वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी मोहीम घ्यायची ठरली. मध्य प्रदेश त्या चौदांत होता. २०१० ते २०१३ या काळात या राज्यांत मिळून सुमारे १२ कोटी मुलांना लस टोचली गेली. म्हणजे रावेर, मुक्ताईनगरला राहणाऱ्या आपल्या भाचरांना दुसरी मात्रा बाळपणीच्या कार्डावर मिळू लागली, तेव्हा आपल्याकडे पथके शाळेच्या व्हरांड्यात टेबले मांडत होती. मधली हद्द एकच, जिच्या पलीकडे आपली निम्मी सोयरीक आहे.

हद्दीने काय फरक पडतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेत टेक्सारकाना नावाचे गाव आहे. गावाच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते, एका बाजूला टेक्सास, दुसऱ्या बाजूला आर्कान्सॉ. लोक दोन्हीकडचेच, एकमेकांकडे जाणारे-येणारे. आर्कान्सॉच्या बाजूला मुलांसाठी गोवर-लसीच्या सार्वजनिक मोहिमा झाल्या होत्या, टेक्सासच्या बाजूला तसे काही झाले नव्हते, शाळाप्रवेशाला लसीची अटही नव्हती. १९७० च्या जूनपासून १९७१ च्या जानेवारीपर्यंत साथ चालली. ६३३ रोगी झाले. त्यांतले ६०६ टेक्सासच्या बाजूचे आणि फक्त २७ पलीकडचे. हा आकडा तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी पुढे कितीतरी वेळा पुढे केला, आणि त्यानंतरच्या दशकात अमेरिकेतल्या राज्यांनी शाळेत नाव घालताना लसीचा दाखला मागायला सुरुवात केली.

आपल्याकडे सक्तीचा मार्ग घेतला नाही, मोहिमेचा घेतला. त्यातली सर्वांत मोठी म्हणजे गोवर-रुबेला मोहीम. रुबेला हा गोवराचा सौम्य दिसणारा भाऊबंद. मुलाला त्याने फारसे काही होत नाही, पण गरोदर बाईला पहिल्या महिन्यांत झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाव पडतो. म्हणून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलामुलींना एक मात्रा द्यायची, आधी कितीही लसी झाल्या असल्या तरी. देशभरात ४१ कोटी मुलांचे उद्दिष्ट होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक, तमिळनाडू, गोवा, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप इथून सुरुवात झाली. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला, आणि आपल्याकडे संक्रांतीच्या दिवसांत, १५ जानेवारी २०१९ ला.

आम्ही राज्य शासनाच्या नोकरीतली माणसे. आमचे खाते कोणतेही असो, अशा वेळी कागद, गाडी, यादी यांपैकी काहीतरी आमच्याकडे येतेच. त्यामुळे मोहीम आतून कशी चालते ते थोडेफार पाहिलेले आहे. नऊ महिने ते पंधरा वर्षे या वयातली बहुतेक मुले शाळेत असतात, म्हणून पहिले काही आठवडे शाळांसाठी राखलेले. मग अंगणवाड्या आणि वस्त्या, आणि शेवटी राहिलेल्यांचा शोध.

शाळेत तीन खोल्या लागतात: एक थांबायला, एक टोचायला आणि एक अर्धा तास बसायला. लस थंड डब्यातून बर्फाच्या पिशव्यांसह येते. ती पूड असते, द्रावणात मिसळली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. एका मुलाला एक सुई, जी दुसऱ्यांदा वापरताच येत नाही. उजव्या दंडात टोचायची, डाव्या अंगठ्यावर शाईची खूण करायची. अर्धा तास बसवायचे ते कोणाला चक्कर आली, अंगावर गांधी उठल्या तर समोर उपचार व्हावा म्हणून. मोठ्या वर्गातल्या मुलींत एकीला भोवळ आली की पाठोपाठ चार जणींना येते. हे लसीने नव्हे, भीतीने होते, आणि अनुभवी मास्तरीणबाईंना ते डॉक्टरांइतकेच कळते. त्या मुलींना गाणी म्हणायला लावतात.

पण शाळेची खरी कामगिरी यात नाही, ती हजेरीपटात आहे. सरकारकडे मुलांची नावानिशी, वयानिशी, बापाच्या नावासकट, रोज तपासली जाणारी दुसरी कोणती यादी आहे? पथक येण्याआधी गुरुजींनी पट उतरवून ठेवलेला असतो. टोचून झाले की खूण, गैरहजर असेल तर गोल. त्या गोलांवरून दुसऱ्या फेरीचे काम ठरते. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण मोहीम त्यावर उभी असते.

दुसरी गोष्ट विश्वासाची. २०१७ मध्ये तमिळनाडूत आणि केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मोबाइलवरून अफवा पसरल्या, लसीने मुले आजारी पडतात, पुढे मूलबाळ होत नाही वगैरे. आपल्या शहरातही कुजबूज होतीच. ती सगळ्याच मोहल्ल्यांत होती, सुशिक्षित म्हणवणाऱ्या घरांतही. नाहीतर "आमच्या मुलाला खासगी डॉक्टरांकडे सगळे झाले आहे, सरकारी कशाला?" हा प्रश्न आपल्याच घरांतून कसा आला असता? पांढऱ्या कोटातल्या अनोळखी माणसाने समजावून जे होत नाही, ते मराठी, हिंदी किंवा उर्दू शाळेच्या त्याच मोहल्ल्यात राहणाऱ्या शिक्षकाने पालकसभेत आपल्या मुलाला आधी टोचून घेतल्याने होते.

मात्र विश्वास गृहीत धरून चालत नाही. दिल्लीत जानेवारी २०१९ मध्येच हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. पालकांची संमती न घेता शाळेत मुलांना टोचावे काय? न्यायालयाने संमतीच्या बाजूने कौल दिला आणि तिथली शाळांमधली मोहीम अडली. आमच्या मते न्यायालयाचे बरोबर होते, जरी त्याने काम लांबले. मुलाच्या दप्तरातून चिठ्ठी पाठवणे, सही परत येण्याची वाट पाहणे यात दिवस जातात. पण सही करणारी आई पुढच्या वेळी विरोधात जात नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद केल्या. जगभरात २०२१ या एका वर्षात सुमारे चार कोटी मुलांची गोवराची एक तरी मात्रा चुकली. त्याचा हिशेब २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबईत गोवंडीला चुकता झाला. दाट वस्तीत गोवर पेटला आणि लहान मुले दगावली. तेव्हा नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही जादा मात्रा द्यावी लागली. ज्यांना शाळेचा पट लागू नाही अशीच ही मुले.

आपल्या जिल्ह्यातही पटावर नसलेली मुले आहेत. खकनार आणि नेपानगरकडच्या कोरकू, बारेला वस्त्यांतली माणसे मजुरीसाठी दसरा-दिवाळीनंतर महाराष्ट्रात उतरतात आणि होळीच्या आगेमागे परततात. मुले बरोबर जातात. पटावर त्यांचे नाव असते, बाकावर ती नसतात. जानेवारीत मोहीम आली की त्यांच्या नावापुढे गोल पडतो, आणि दुसऱ्या फेरीलाही गोलच राहतो. केळीच्या बागांत किंवा यंत्रमागाच्या गल्लीत बाहेरून आलेल्या कुटुंबांची स्थिती उलटी. मूल इथे आहे, पण नाव कुठल्यातरी दूरच्या शाळेत.

देशाने गोवर आणि रुबेला हटवण्यासाठी २०२६ हे वर्ष धरले आहे, आधी २०२३ धरले होते. या मुलांना गाठण्याची सोय नियमात मात्र आहे. सरकारी सत्रात लस फुकट मिळते, आणि त्यासाठी मूल कोणत्या राज्याचे, कोणत्या गावचे हे आडवे येत नाही. आईने मातृ-शिशु कार्ड गाठोड्यात बांधून नेले, तर रावेरच्या आरोग्य केंद्रातली नर्सबाई त्यावर तारीख घालते, आणि तेच मूल परत आल्यावर आपल्याकडची एएनएम पुढचा रकाना भरते. त्या मजूर कुटुंबांना हे कोणी सांगितले तर ते बहुधा गावच्या शाळेच्या गुरुजींनीच सांगितलेले असते, दसऱ्याआधी, दाखल्यावर सही करताना.