सनाचा कोरा रकाना

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील होईपर्यंत बीड जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता. त्या राज्याच्या वरिष्ठ कचेऱ्यांतून उर्दूचा अंमल असला तरी गावोगावचे पटवारी आपले दप्तर मोडीतच लिहीत, आणि त्यामुळे या जिल्ह्याच्या जुन्या रुमालांत दोन लिप्या व एकाहून अधिक सनावळ्या शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत. फसली सनात सुमारे ५९० मिळविले की इसवी सन हाती येतो, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई हेही सहज ध्यानात येते. पण जेथे वाळवीने कागदाचा नेमका सनाचा कोपरा खाल्ला आहे, तेथे गणिताचा इलाज चालत नाही.

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा पणजोबांच्या नावाची एकेक ओळ कित्येक घरांना अमूल्य वाटू लागली. अशा नोंदी संगणकात भरताना अज्ञात सनाचा रकाना कोराच ठेवणे, हाच प्रामाणिक मार्ग होय. तेथे शून्य किंवा अंदाजाने ठरविलेला आकडा घालणे म्हणजे दप्तराकडून खोटी साक्ष वदवून घेणे. संगणकाच्या परिभाषेत या कोरेपणाला ‘नल’ म्हणतात.

तथापि सनाच्या चढत्या क्रमाने यादी मागविली असता १३२२ आणि १३४७ फसलीच्या नोंदींच्या सोबतीला हा ‘नल’ कोठे बसतो, याविषयी नोंदी साठविणाऱ्या संगणक-प्रणालींत एकवाक्यता नाही. मायएसक्यूएल त्याला सर्वांच्या अगोदर बसविते, आणि मग सन नसलेली नोंद सर्वांत प्राचीन भासते. ओरॅकल व पोस्टग्रेस त्याला शेवटी लोटतात, आणि तीच नोंद सर्वांत अर्वाचीन वाटते. उतरता क्रम मागितला की हे सारे उलटते. या प्रणालींच्या एसक्यूएल या भाषेच्या २००३ च्या प्रमाणकाने ‘नल्स फर्स्ट’ आणि ‘नल्स लास्ट’ ही स्पष्ट आज्ञा दिली, पोस्टग्रेसने ती २००८ च्या आवृत्तीत स्वीकारली. मायएसक्यूएलमध्ये मात्र ती नसल्यामुळे आधी ‘सन इज नल’ आणि मग ‘सन’ असा दुहेरी क्रम लावूनच कोऱ्या नोंदी शेवटी न्याव्या लागतात.

नागरिकांसाठीच्या यादीत त्या शेवटी असाव्यात, हे मला मान्य आहे. परंतु मोडीवाचकाच्या मेजावर जाणाऱ्या यादीत त्या अग्रभागीच हव्यात; कारण शेजारच्या पानांवरून, पटवाऱ्याच्या हस्ताक्षरावरून आणि त्याच खातेदाराच्या दुसऱ्या नोंदीवरून ज्यांचा काळ अजून ठरविता येण्याजोगा आहे, अशा नोंदी त्याच होत.